कडक गादीचं खूळ

घरची कापसाची गादी बसली, आत गाठी झाल्या, आता लेटेक्सचे थर आणून घरीच नवी रचायची आहे, असं आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या कोहमाऱ्यात चारचौघांत बोलून बघा. पहिला सल्ला ठरलेला असतो : "कडकच घ्या, कमरेला चांगली." मग कोणाची तरी मावशी प्लायवूडवर सतरंजी टाकून ठणठणीत झालेली असते, आणि तिला म्हणे डॉक्टरांनीच सांगितलेलं असतं.

सांगितलं असेलही. डॉक्टर हा सल्ला वर्षानुवर्षं देतच होते. त्याची नीट पारख झाली स्पेनमध्ये. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांपैकी काहींना कडक, काहींना मध्यम कडक गादी दिली. कोणाच्या वाट्याला कोणती आली, ते त्यांना कळू दिलं नाही. ९० दिवसांनी मध्यम गादीवाले सरस ठरले. रात्रीचं दुखणं, सकाळी उठतानाची कळ, दिवसाची हालचाल, सगळ्यांत. फ्रान्सिस्को कोव्हाक्स आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. वीस वर्षं उलटली तरी दुकानात 'ऑर्थोपेडिक' म्हटलं की दगडासारखी गादीच पुढे येते. गादीवर छापलेल्या शब्दाने कंबर बरी होत नाही हो!

मग मावशी बरी कशी झाली? आधी ती कशावर झोपत होती, ते विचारा. सैल पडलेली बाज, नाहीतर मधोमध खड्डा पडलेली गादी. तो झोळ गेला म्हणून तिला आराम पडला. श्रेय मात्र कडकपणाने लाटलं. सपाट कठीण फळीवर कुशीवर झोपलं की सगळा भार खांद्यावर आणि खुब्यावर येतो, कंबर अधांतरी राहते. उताणं झोपून कमरेखालून हात घालून पाहा. हात सहज आरपार गेला तर गादी फार कडक, शिरतच नसेल तर फार मऊ.

थरांची गादी इथेच कामाला येते. खाली ४ इंचांचा कडक थर, वर २ इंचांचा मऊ. अंगाने भारी माणसाला खालचा थर जाड हवा, हलक्याला वरचा. नवरा-बायकोच्या वजनात फरक असेल तर वरचा थर उभा दोन भागांत घ्या. थर चिकटवू नका. चेनची घट्ट सुती खोळ त्यांना जागेवर धरते, आणि अंदाज चुकला तर एकच थर बदलता येतो. उचलायलाही हेच बरं : ६ बाय ५ फुटांची, ६ इंच जाडीची लेटेक्सची गादी घनमीटरला ८० किलो धरली तरी ३४ किलोंच्या घरात जाते.

दुसरं खूळ उन्हाचं. कापसाला ऊन दाखवायचंच, पण लेटेक्सला नाही. हा रबराच्या झाडाचा चीक. उन्हाने तो कडक होतो, पिवळा पडतो, मग भुगा गळायला लागतो. गोंदियाच्या मे महिन्यात गादी गच्चीवर टाकलीत तर पैसे पाण्यात. सावलीत, वाऱ्यावर उभी करा.

कानावर पडणारी आणखी काही वाक्यंही अशीच पारखून घ्या.

"शंभर टक्के नॅचरल" : गंधक आणि झिंक ऑक्साइडसारखी द्रव्यं घातल्याशिवाय चिकाची गादी होतच नाही. नैसर्गिक चीक किती आणि कृत्रिम किती, एवढं विचारा.

"भोकं हवेसाठी" : ती साच्यातल्या खिळ्यांची. त्या खिळ्यांमधून उष्णता आतपर्यंत पोचते आणि रबर सगळीकडे सारखं पिकतं. हवा खेळते, तो वरचा फायदा.

"लेटेक्समध्ये ढेकूण होत नाहीत" : ढेकूण पलंगाच्या सांध्यांत आणि खोळीच्या शिवणीत राहतात. गादी कशाची आहे, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

"जुन्या गादीवरच टाकू" : मुळीच नको. खालचा खड्डा वर येतोच. जुना कापूस पिंजून घ्या, त्यात दोन लोड आणि चार उशा सहज होतात.