पात कापा, दहा मिनिटं थांबा

सुरतेत थंडी पडली की भाजीवाल्यांच्या टोपल्यांत ओल्या लसणाच्या जुड्या येतात. उत्तरायणाच्या उंधियूत पापडी, कंद, वांग्यांच्या जोडीला तो मूठमूठ पडतो, पोंकवड्यातही असतोच. लिंबायत-उधन्याच्या खानदेशी घरांना पोंक म्हणजे आपला हुरडाच, त्यामुळे ओळख करून द्यावी लागत नाही.

हिवाळ्यातच का? लसणाला दिवसाची लांबी कळते. डिसेंबरात सुरतेचा दिवस अकरा तासांहूनही थोडा कमी. अशा आखूड, गार दिवसांत रोप पातीवरच भर देतं. थंडी खाल्ल्यावर दिवस मोठे आणि उबदार होऊ लागले की बुडाशी गड्डा धरतो, पात राठ होते. त्याआधी उपटला तो ओला लसूण.

गॅलरीत लावायचा तर ऑक्टोबरअखेर पाकळी न सोलता, टोक वर ठेवून, दोन बोटं खोल खोचा. पाणी साचलं की ती कुजते. पात बुडातून वाढते, म्हणून वरून कापली तरी पुन्हा लांबते. मात्र तिची शिदोरी पाकळीत असते. दुसरी कापणी बारीकच निघते.

आता खरी गंमत. न दुखावलेल्या पातीला वास जवळजवळ नसतो. पेशीत अ‍ॅलीन हे संयुग एका कप्प्यात, अ‍ॅलिनेज हे विकर (एन्झाइम) दुसऱ्यात. सुरी फिरली की दोघं भेटतात आणि झणझणीत अ‍ॅलिसिन तयार होतं. कॅव्हलिटो आणि बेली यांनी ते 1944 मध्ये वेगळं काढलं. वनस्पतीच्या दृष्टीने हा किड्यांवरचा हल्ला. आपण त्यालाच चव म्हणतो!

विकर उष्णतेने निकामी होतं. अख्खी पात कडकडीत तेलात टाकली तर झणका येण्याआधीच मरतो. म्हणून बारीक चिरून दहा मिनिटं ठेवावी, मग शिजवावी. अ‍ॅलिसिनही आचेवर टिकत नाही. त्याची दुसरी गंधक-संयुगं होतात, वास मवाळ आणि गोडसर होतो. उंधियूच्या वाटणातल्या लसणाची हीच गत, आणि ती चांगलीच आहे. तिखटपणा हवा असेल तर मूठभर कच्ची पात वरून भुरभुरावी. लिंबू मात्र चिरतानाच पिळू नये: फार आंबट झालं तर विकर मंदावतं. पोंकवरच्या लिंबू-मिरी शेवेला आंबटपणा असतोच, तेव्हा चिरलेली पात आधी मुरू द्या, मग शेव घाला.