सोयाबीन: पेरणीआधी आणि काढणीनंतर

मराठवाडा आणि विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचं खरिपाचं मुख्य नगदी पीक म्हणजे सोयाबीन. अडचणी तीन: पावसाचा लहरीपणा, बियाण्याचा खर्च आणि बाजारभाव.

बियाण्याचा खर्च घरीच कमी करता येतो. सोयाबीन स्वपरागसिंचित असल्याने सुधारित वाणाचं घरचं बियाणं दोन-तीन वर्षं चालतं. मात्र उगवणशक्ती तपासायलाच हवी. सरसकट 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सात-आठ दिवसांनी कोंब मोजा. 70 किंवा जास्त निरोगी कोंब असतील तर एकरी 30 किलो बियाणं पुरे. 60 निघाले तर 35 किलो लागेल. दाण्याचं साल नाजूक असतं, म्हणून पोती आपटू नयेत.

75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी नको. दुबार पेरणीचं संकट त्याने बरंच टळतं. रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरल्यास अतिवृष्टीत जादा पाणी सरीतून वाहून जातं आणि खंडाच्या काळात ओल टिकते.

भाव मात्र शेतकऱ्याच्या हातात नाही. 2025-26 साठी हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये आहे, पण सुगीत आवक वाढली की बाजार अनेकदा त्याखाली जातो. अशा वेळी माल वाळवून बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत ठेवावा. किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. पैशाच्या निकडीपायी पडत्या भावात माल विकण्याआधी आपल्या बाजार समितीत चौकशी जरूर करा.