वेदनाशामक गोळी आणि घरची वही

बऱ्हाणपुरातील यंत्रमागांच्या खडखडाटात दिवस घालविणाऱ्या व्यापाऱ्यास डोकेदुखी नवी नाही. औषधांच्या दुकानातून गोळी आणावी व पाण्याबरोबर घ्यावी, इतका तो सोपा व्यवहार. तथापि हीच गोळी एखाद्याच्या प्रकृतीस मुळीच मानवत नाही. अंगावर गांधी उठतात, ओठ व पापण्या सुजतात, दमेकऱ्यास श्वास घेणे कठीण होते. ज्यास ॲस्पिरिन बाधते, त्यास आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅकही बाधण्याचा संभव असतो. मेफेनॅमिक ॲसिडविषयी तर गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोगाने २०२३ साली इशारा दिला. त्याने क्वचित ताप, पुरळ व अंतर्गत अवयवांस इजा संभवते. ही लक्षणे दोन ते आठ आठवड्यांनीही प्रकट होतात.

चतुर व्यापारी मालाची पारख वेष्टनावरून करीत नाही. गोळ्यांचेही तसेच आहे. छाप अनेक, आतील द्रव्य एकच. म्हणून जे औषध एकदा बाधले, त्याचे मूळ नाव घरच्या वहीत नोंदवावे, कुटुंबातील सर्वांस सांगावे आणि प्रत्येक डॉक्टरांस व औषधविक्रेत्यास प्रथम दाखवावे. श्वास कोंडला वा चेहरा सुजला, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. हिशेबातील चूक दुरुस्त करता येते. या नोंदीतील हयगय मात्र प्राणांवर बेतू शकते.