कंटेनर इमेज रजिस्ट्री
कंटेनर इमेज रजिस्ट्री हे कंटेनर इमेज साठवण्याचे व सर्व्हरना पुरवण्याचे भांडार होय. एखादे सॉफ्टवेअर चालण्यासाठी लागणारा प्रोग्रॅम, लायब्ररी आणि इतर फाइल यांचा एकत्रित संच म्हणजे कंटेनर इमेज. २०१३ मध्ये डॉकर प्रसिद्ध झाल्यानंतर ही पद्धत रूढ झाली. क्लाउडवरील रजिस्ट्रीची यंत्रणा सेवा पुरवणारी कंपनी सांभाळते. आतील इमेजची निगा मात्र वापरकर्त्यालाच राखावी लागते.

टॅग आणि डायजेस्ट
टॅग हे इमेजला दिलेले नाव होय. 'लेटेस्ट' सारखा टॅग पुढे दुसऱ्याच इमेजला लावता येतो. डायजेस्ट हा मात्र एसएचए-२५६ पद्धतीने आशयावरून काढलेला ठसा असल्याने आशय बदलताच तोही बदलतो. म्हणून चाचणी झालेलीच इमेज सेवेत चालावी यासाठी ती डायजेस्टने मागवतात.

जुन्या इमेज काढणे
साठवणुकीचा खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी जुन्या इमेज आपोआप पुसण्याचे नियम लावता येतात. केवळ वय हाच निकष ठेवल्यास वापरातील इमेजही पुसली जाऊ शकते. चालू कंटेनर तसाच राहतो, परंतु नव्या सर्व्हरला ती इमेज मिळत नाही.

महाराष्ट्रातील केंद्रे
मायक्रोसॉफ्टचे पुणे (२०१५), ॲमेझॉनचे मुंबई (२०१६) आणि गूगलचे मुंबई (२०१७) येथील क्लाउड केंद्रांत अशी सेवा मिळते. सर्व्हर असलेल्या केंद्रातच रजिस्ट्री ठेवल्यास इमेज लवकर पोहोचते. इमेज थरांची बनलेली असल्याने वर्ध्याहून मुंबईच्या रजिस्ट्रीत सुधारित इमेज पाठवताना तेथे नसलेले थरच पाठवावे लागतात. मंद इंटरनेटवर हा फरक मोठा ठरतो.