डोक्यावर छप्पर घेतलेल्या मुली

दोस्तांनो, डोक्यावर भरलेली घागर घेऊन तासभर उभं राहायला सांगितलं तर? मान अवघडेल ना! मग अथेन्सच्या या सहा मुलींचं काय?

ग्रीसची राजधानी अथेन्स. तिथल्या ॲक्रॉपोलिस टेकडीवर सुमारे २४०० वर्षांपूर्वी एरेक्थिऑन नावाचं देऊळ बांधलं. त्याच्या एका ओसरीला खांबांऐवजी सहा संगमरवरी मुली उभ्या केल्या आणि छप्पर ठेवलं त्यांच्या डोक्यावर! अशा स्त्रीरूपी खांबाला ‘कॅरिएटिड’ म्हणतात.

हे नाव आलं कुठून? विट्रुव्हिअस नावाच्या रोमन वास्तुतज्ज्ञाने एक गोष्ट लिहून ठेवली आहे. कॅरिआई गावाने ग्रीकांविरुद्ध इराणी शत्रूला साथ दिली. ग्रीकांनी तिथले पुरुष मारले, बायकांना गुलाम केलं आणि त्यांची शिक्षा कायम दिसावी म्हणून ओझं वाहणाऱ्या बायका दगडात कोरल्या.

पटलं? थांबा, जरा तारखा पाहू. इराणी सम्राट झर्क्सिसची मोठी स्वारी झाली इ.स.पू. ४८० मध्ये. पण डेल्फीच्या एका इमारतीत असे स्त्री-खांब इ.स.पू. ५२५ च्या सुमारासच उभे होते. इसवी सनापूर्वीची वर्षं उलटी मोजतात, बरं का! म्हणजे शिक्षेच्या आधीच खांब तयार! शिवाय विट्रुव्हिअसने हे लिहिलं एरेक्थिऑननंतर सुमारे ४०० वर्षांनी. त्या देवळाच्या बांधकामाचा हिशेब शिलालेखात कोरलेला आहे. त्यात यांना गुलाम म्हटलेलं नाही. नुसतं ‘कोराई’, म्हणजे मुली, म्हटलंय.

मग कॅरिआईचा संबंध काय? त्या गावात आर्टेमिस देवीपुढे मुली नाच करायच्या. नाव त्यांच्यावरून आलं असावं, असं काही अभ्यासक मानतात.

आता गंमत पाहा. दगडाची बारीक मान छपराच्या भाराने मोडायची. म्हणून शिल्पकाराने केसांचे जाड पेड मानेवर सोडले. शोभेची शोभा आणि मानेला आधार!

आज मात्र या सहाजणी एकत्र नाहीत. एकीला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी काढून इंग्लंडला नेलं. ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. उरलेल्या पाचजणी अथेन्सच्या ॲक्रॉपोलिस म्युझियममध्ये आहेत. देवळात उभ्या आहेत त्या प्रतिकृती. म्युझियममध्ये सहावीची जागा मोकळी ठेवली आहे. ग्रीस तिची वाट पाहतोय.

तेव्हा कुणी नावामागची गोष्ट सांगितली की जरूर ऐका. पण हळूच विचारा, “हे कधी घडलं?”