कर्कपेशींची भूक आणि रुग्णाची उपासमार

कर्करोगाचे निदान झालेल्या माणसाच्या भेटीला जाणारे आप्तेष्ट हल्ली फळांच्या जोडीला एक उपदेशही हमखास नेतात: साखर बंद करा. कर्करोगाच्या पेशी साखरेवर जगतात, तेव्हा साखर तोडली की त्या उपाशी मरतील, असा त्यामागचा हिशेब. चहातल्या चमच्यापासून सुरू झालेला हा निर्बंध मग भात, पोळी, केळी असा सरकत अखेर पेजेपर्यंत जाऊन पोचतो. या उपदेशाचे मूळ निव्वळ अडाणीपणात असते, तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु ते एका नोबेल पारितोषिकविजेत्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत आहे; म्हणूनच त्यात तथ्य किती, हे नीट पाहावयास हवे.

बर्लिनच्या डालेम भागातील कैसर विल्हेल्म संस्थेत ऑटो वारबुर्ग यांनी १९२० नंतरच्या दशकात अर्बुदांचे पातळ काप घेऊन त्यांचे श्वसन मोजले. निरोगी पेशी, प्राणवायू मिळत असेल तर, शर्करेचे पूर्ण ज्वलन करते. शर्करेच्या एका रेणूपासून तिला एटीपी या ऊर्जावाहक द्रव्याचे सुमारे ३० रेणू लाभतात. प्राणवायू अपुरा पडला, जसा तो जोरात धावणाऱ्याच्या स्नायूंत पडतो, तर ती शर्करा अर्धवट तोडून दुग्धाम्ल बनविते आणि अवघ्या २ रेणूंवर भागविते. वारबुर्ग यांना दिसले ते असे की, अर्बुदाच्या पेशी प्राणवायूची रेलचेल असतानाही हा दुसरा, तोट्याचा मार्ग धरतात. १९२५ साली कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने हेच जिवंत कोंबडीत दाखविले. एकाच पंखात अर्बुद असलेल्या कोंबडीच्या दोन्ही पंखांतून परतणारे रक्त त्यांनी तपासले. अर्बुदाकडून येणाऱ्या रक्तात साखर कमी आणि दुग्धाम्ल अधिक भरले.

येथवर सारे पक्के आहे. पण वारबुर्ग यांनी यापुढे जाऊन, पेशीची श्वसनयंत्रणा बिघडणे हेच कर्करोगाचे मूळ कारण होय, असा सिद्धांत मांडला. १९३१ चे नोबेल त्यांना श्वसनक्रियेतील विकराच्या संशोधनासाठी मिळाले होते, या सिद्धांतासाठी नव्हे, हे पुष्कळदा विसरले जाते. सिडनी वाइनहाउस यांनी १९५६ साली त्यांना साधार विरोध केला. तरी १९७० साली मृत्यू येईपर्यंत वारबुर्ग आपल्या मताला चिकटून राहिले. बहुतेक अर्बुदांत श्वसनयंत्रणा शाबूत असते आणि कामही करीत असते, असे आता दिसून आले आहे.

मग ही उधळपट्टी कशासाठी? आणलेले सगळे लाकूड चुलीत घातले, तर घराला वासे कोठून येणार? भराभर दुभंगणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकीच बांधकामाच्या सामग्रीची निकड असते. अर्धवट तुटलेल्या शर्करेतील कार्बन तिला नव्या केंद्रकाम्लांसाठी, मेदासाठी, अमिनो आम्लांसाठी वळविता येतो. जंतूंशी लढताना वेगाने वाढणाऱ्या आपल्या पांढऱ्या पेशीही हाच मार्ग धरतात. फरक एवढाच, की त्यांचा वाढीचा हुकूम काम संपताच मागे घेतला जातो. कर्कपेशीत मात्र जनुके बिघडल्यामुळे तो कायम राहतो.

या भुकेचा वैद्यकाला मोठा उपयोग झाला. किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडलेली शर्करा शिरेतून दिली की भुकेल्या पेशी ती उचलतात, पण पचवू शकत नाहीत. ती आत अडकून पडते आणि यंत्राला तिचा ठावठिकाणा कळतो. हीच पेट तपासणी. भारतात ती २००२ साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाली. अर्थात मेंदूही सदैव साखरच मागतो, तेव्हा तोही या चित्रात उजळतो. आणि क्षयाच्या गाठीही उजळतात, ही गोष्ट आपल्या देशात विशेष ध्यानी ठेवावी लागते.

चयापचयावर नेम धरणारी औषधेही आहेत. रक्ताच्या एका कर्करोगातील पेशींना अ‍ॅस्पॅराजिन हे अमिनो आम्ल स्वतः पुरेसे बनविता येत नाही. रक्तातील त्याचा साठा नष्ट करणारे विकर मुलांच्या उपचारात कित्येक दशके वापरले जात आहे. आयडीएच हे विकर बिघडलेल्या काही अर्बुदांवर २०१८ नंतर अमेरिकेत नवी औषधे मान्य झाली. ही औषधे कर्कपेशीची नेमकी उणीव हेरतात. जेवण तोडण्यात असा नेम कोठला?

कारण ताटातली साखर थांबली म्हणून रक्तातली थांबत नाही. यकृत ती पातळी राखतेच, आणि त्यासाठी प्रसंगी स्नायूंतील प्रथिने मोडते. शिवाय अर्बुदाने टाकलेले दुग्धाम्ल यकृताकडे येते व त्याची पुन्हा शर्करा होते. या फेऱ्याला कोरी दांपत्याचेच नाव आहे. त्यात अर्बुद २ एटीपी कमावते आणि रुग्णाचे यकृत ६ खर्च करते. आधीच असा तोटा सोसणाऱ्या शरीराचे अन्न आप्तांनी तोडले, तर झिजतो तो रुग्ण. आणि वजन फार घटले की रसायनोपचाराची मात्रा कमी करण्याची किंवा पुढे ढकलण्याची वेळ डॉक्टरांवर येते. मधुमेह असेल तर साखरेचे पथ्य हवेच. विशिष्ट आहाराचे प्रयोगही डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू आहेत. पण तोंडाची चव गेलेल्या, घास न उतरणाऱ्या इतर रुग्णाला वाटीभर गोड खीर जात असेल, तर ती त्याच्यापुढून उचलून नेण्याचा अधिकार भेटीला आलेल्या कोणालाही नाही.