दुकानात कोणते कार्ड चालवावे?

नाणेघाटात दगडी रांजण आहे. त्यात जकात जमा होत असे, असे जुन्नरकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. जुन्नरच्या लेण्यांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेल्या दानाचा शिलालेखही आहे. तेव्हा या भागाला देवघेव नवी नाही. नवे आहे ते मशीन.

लेण्याद्रीच्या पायथ्याशी, नारायणगावच्या स्टँडवर किंवा मंचर-घोडेगावच्या बाजारात आपल्या एखाद्या बंधूने वा भगिनीने छोटे दुकान थाटले की कार्डाच्या मशीनचा माणूस दारात येतो. "सगळी कार्डे चालतील, धंदा वाढेल," असे सांगतो. सही करण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी बसून हिशेब करावा.

प्रत्येक कार्डावर दुकानदाराकडून कमिशन कापले जाते. मात्र १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्डावर ते शून्य आहे. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावरही शून्यच आहे. इतर डेबिट कार्डांसाठी रिझर्व्ह बँकेने २०१८ पासून मर्यादा घातली. वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल, तर मशीनवर शेकडा ४० पैशांपेक्षा जास्त कमिशन घेता येत नाही. हे कमिशन गिऱ्हाइकाच्या माथी मारण्यास मनाई आहे. क्रेडिट कार्डाला मात्र अशी मर्यादा नाही.

समजा, हजार रुपयांच्या मालावर शंभर रुपये सुटतात. क्रेडिट कार्डावर शेकडा २ रुपये कापले, तर २० रुपये गेले. म्हणजे नफ्याचा पाचवा हिस्सा! डेबिट कार्डावर फार तर ४ रुपये जातील, रुपे डेबिटवर काहीच नाही. मशीनचे भाडे असेल तर ते दरमहा वेगळे; विक्री झाली नाही तरी द्यावेच लागते.

म्हणून आधी गिऱ्हाईक पाहावे. चहा-भजी, भाजी, शिवणकाम असा धंदा असेल तर रोख आणि क्यूआर कोड पुरे. जनधन खात्यांबरोबर २०१४ पासून रुपे कार्ड घरोघर पोहोचले आहे. तेव्हा मशीन घेतलेच तर त्यावर रुपे हवेच. मुक्कामाची सोय, साड्या, भांडी अशी मोठी बिले होत असतील, पुण्या-मुंबईचे पाहुणे येत असतील, तर व्हिसा आणि मास्टरकार्डही ठेवावे. दुर्मीळ, महागड्या कार्डांच्या मागे लागू नये.

भाडे किती, प्रत्येक कार्डाचा दर किती, पैसे खात्यात कधी येणार आणि करार मोडल्यास दंड किती, हे चार प्रश्न विचारून उत्तरे लेखी घ्यावीत. करार इंग्रजीत असेल तर शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्यावा. घामाचा पैसा मोजून घेण्यात लाज कसली?